मणिपूर काळे की पिवळे?

योगाच्या वर्गाला काही दिवस नेमाने गेलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो: "चक्रं खरंच शरीरात असतात का? असतील तर एमआरआयमध्ये का दिसत नाहीत?" दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो: "मला सांगितलंय की माझं अनाहत बंद आहे. ते कसं उघडायचं?"

विचारणारा पहिल्या प्रश्नात शंकेखोर आहे, दुसऱ्यात भाविक. पण दोन्ही प्रश्नांत एक गोष्ट गृहीत धरली आहे, की चक्र हा प्रत्येकाला जन्मतः मिळालेला एक अवयव आहे आणि तो कधी नीट चालतो, कधी बिघडतो. संस्कृत ग्रंथांतून शोधू गेल्यास ही समजूत सापडत नाही. ती आली कुठून, आणि ती यायच्या आधी चक्रांचे काय काम होते, ते पाहू.

१. भिंतीवरचा तक्ता

सुरुवात रंगांपासून करू, कारण ते कुणालाही तपासता येतात. वर्गाच्या भिंतीवर पद्मासनातल्या माणसाचा एक तक्ता असतो. कण्याच्या तळाशी तांबडे चक्र, त्यावर नारिंगी, मग पिवळे, हिरवे, निळे, पारवे आणि टाळूवर जांभळे. शाळेत पाठ केलेले तानापिहिनिपाजाच हे, खालून वर मांडलेले.

आता जुना ग्रंथ उघडू. आज जगभर जी षट्चक्रे शिकवली जातात त्यांचा मुख्य आधार म्हणजे 'षट्चक्रनिरूपण'. बंगालच्या पूर्णानंद यतींनी १५७७ साली 'श्रीतत्त्वचिंतामणी' नावाचा मोठा तंत्रग्रंथ लिहिला, त्याचे हे सहावे प्रकरण. त्यात मूलाधाराचे कमळ तांबडे आहे. इथवर तक्ता जुळतो. स्वाधिष्ठान शेंदरी आहे, तेही ओढूनताणून नारिंगीत बसवता येईल. मणिपूर मात्र पाण्याने भरलेल्या ढगासारखे काळसर आहे. अनाहत बंधूकाच्या, म्हणजे दुपारीच्या फुलासारखे लाल. विशुद्ध धुरकट, आज्ञा चंद्रासारखे पांढरे, आणि सहस्रार त्याहून शुभ्र. पिवळे मणिपूर नाही, हिरवे अनाहत नाही, जांभळे सहस्रार नाही.

शिवाय एका कमळात एकच रंग असतो असेही नाही. मूलाधाराच्या तांबड्या पाकळ्यांवरची अक्षरे सोनेरी आहेत आणि आतला पृथ्वीचा चौकोन पिवळा. काळसर मणिपुराच्या आत अग्नीचा लाल त्रिकोण आहे. साधकाने हे सारे चित्र डोळे मिटून, बारकाव्यांसह उभे करायचे असते.

मग सात रंगांचा क्रम कुणाचा? न्यूटनचा. लोलकातून निघालेल्या पट्ट्याचे त्याने सात भाग पाडले आणि १७०४ सालच्या 'ऑप्टिक्स'मध्ये मांडले. सातच का, याचे एक कारण युरोपीय संगीतातल्या सात स्वरांशी मेळ घालण्याची त्याची हौस हे होते. ती सप्तरंगी पट्टी योग्याच्या पाठीच्या कण्यावर जाऊन बसायला पुढे पावणेतीनशे वर्षे लागली.

२. नेमकी किती?

"मूळ चक्रे किती?" असे विचारले तर उलट विचारावे लागते: कोणत्या ग्रंथातली?

पतंजलींच्या योगसूत्रांत नाभिचक्राचा उल्लेख आहे, षट्चक्रांची माळ नाही. 'हेवज्रतंत्र' या बौद्ध ग्रंथात चार चक्रे आहेत, नाभी, हृदय, कंठ आणि मस्तक या जागी, आणि त्यांच्या पाकळ्या अनुक्रमे ६४, ८, १६ आणि ३२. गोरखनाथांच्या नावावर असलेली 'सिद्धसिद्धांतपद्धती' नऊ चक्रे सांगते. 'नेत्रतंत्रा'त सहा आहेत, पण नावे वेगळी: नाडीचक्र, मायाचक्र, योगिचक्र अशी. आपल्या ओळखीची सहा नावे ठळकपणे येतात ती 'कुब्जिकामत' या तंत्रात, साधारण हजार वर्षांपूर्वी. गंमत अशी की त्याच ग्रंथात पुढे पाच चक्रांची दुसरी, स्वतंत्र व्यवस्थाही आहे. ग्रंथकाराला त्यात विसंगती वाटत नाही आणि कोणती खरी, हेही तो सांगत बसत नाही.

तो निष्काळजी होता असे समजून पुढे गेलो तर मुद्दा हातचा जाईल. एकाच शरीराबद्दल एकाच ग्रंथात दोन आकडे चालतात, याचा अर्थ ग्रंथकार शरीराची मोजदाद करतच नव्हता. मग तो काय करत होता?

३. मुळाक्षरांचा हिशेब

यासाठी कागद-पेन्सिल घेऊन छोटी बेरीज करू. षट्चक्रांच्या पाकळ्या खालून वर अशा: मूलाधार ४, स्वाधिष्ठान ६, मणिपूर १०, अनाहत १२, विशुद्ध १६, आज्ञा २. बेरीज ५०.

आता संस्कृत वर्णमाला लिहा. अ पासून अः पर्यंत सोळा स्वर. ते कंठातल्या विशुद्धाच्या सोळा पाकळ्यांवर बसतात. पुढे क पासून ठ पर्यंत बारा व्यंजने, ती हृदयातल्या अनाहतावर. ड पासून फ पर्यंत दहा, ती मणिपुरावर. ब पासून ल पर्यंत सहा, ती स्वाधिष्ठानावर. व, श, ष, स ही चार मूलाधारावर. उरली ह आणि क्ष, ती भुवयांमधल्या आज्ञेवर. एकही अक्षर उरले नाही, एकही पाकळी रिकामी राहिली नाही. (आपला ळ यात नाही. काही परंपरा तो धरून ५१ मातृका मोजतात.) सहस्राराच्या हजार पाकळ्या म्हणजे हीच पन्नास अक्षरे वीस वेळा.

पाकळ्यांच्या संख्येमागचा हिशेब असा वर्णमालेचा आहे. तंत्रमार्गात अक्षरे म्हणजे देवीचे शरीर, जगाची उत्पत्ती त्यांच्यापासून. ती अक्षरे स्वतःच्या देहावर क्रमाने ठेवायची, या विधीला न्यास म्हणतात. ज्यांच्या घरी सप्तशतीचा पाठ होतो त्यांनी करन्यास, हृदयादिन्यास पाहिले असतील: मंत्राचा एकेक तुकडा म्हणत बोटांना, हृदयाला, मस्तकाला स्पर्श करायचा. चक्रे हे त्याच न्यासाचे आत, मनाने करायचे रूप. अक्षर, देवता, तत्त्व आणि बीजमंत्र देहात कुठे ठेवायचे, त्या जागांचा तो आराखडा आहे.

४. सुपारीतला गणपती

घरच्या पूजेत तांदळाच्या ढिगावर सुपारी ठेवून गुरुजी म्हणतात, हा गणपती. आवाहन होते, गंधफूल होते, शेवटी अक्षता टाकून विसर्जन होते आणि सुपारी पुन्हा सुपारी. पूजा चालू असताना सुपारी फोडून सोंड शोधावी असे कुणाला वाटत नाही, आणि "नुसती सुपारी तर आहे" असेही कुणी म्हणत नाही. चक्रांचे जुने रूप समजून घ्यायला एवढी एक तुलना पुरेशी आहे. देहातल्या एका जागी लक्ष ठेवायचे, तिथे कमळ कल्पायचे, त्यात देवतेचे आवाहन करायचे.

हे ध्यानात आले की ग्रंथांमधले मतभेद कोडे राहत नाहीत. मराठी माणसाला अथर्वशीर्षामुळे पक्के ठाऊक असते की मूलाधारात गणपती आहे. पूर्णानंदांच्या ग्रंथात मात्र मूलाधारात ब्रह्मदेव आहे, सोबत डाकिनी. ललितासहस्रनाम म्हणणाऱ्या बायकांना विचारा, त्या सांगतील की डाकिनी कंठात, विशुद्धात आहे. तत्त्वांचेही तेच. षट्चक्रनिरूपणात पाणी स्वाधिष्ठानात आणि अग्नी मणिपुरात. 'सौंदर्यलहरी'त नेमके उलट, अग्नी स्वाधिष्ठानात आणि पाणी मणिपुरात. यात कुणी चुकले असे नाही. ज्या देवतेची उपासना, त्या उपासनेची मांडणी.

ललितासहस्रनामाचा हा भाग सावकाश वाचण्यासारखा आहे. प्रत्येक चक्रात एक योगिनी बसलेली आहे, तिला किती मुखे ते सांगितले आहे, देहातला कोणता धातू तिचा (त्वचा, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र) तेही, आणि तिला कोणता भात आवडतो हेसुद्धा. विशुद्धातल्या डाकिनीला पायस, अनाहतातल्या राकिणीला तुपाचा भात, मणिपुरातल्या लाकिनीला गूळभात, स्वाधिष्ठानातल्या काकिनीला दहीभात, मूलाधारातल्या साकिनीला मुगाचा भात आणि आज्ञेतल्या हाकिनीला हळदीचा. चक्रांवरच्या आजच्या पुस्तकांतून सर्वांत आधी गायब झाल्या त्या याच जणी, आणि मला त्यांची चुटपुट लागते. आमंत्रण आले, पान मांडले, आवडनिवड विचारली. ही भाषा यजमान आणि पाहुण्याची आहे. तिथे निदानाचा आणि उपचाराचा सूर नाही.

बीजमंत्रांबद्दलही हेच. लं हा "मूलाधाराचा मंत्र" म्हणून शिकवला जातो. तो पृथ्वीचा मंत्र आहे. मानसपूजेत लं म्हणून गंध वाहतात, हं म्हणून फूल, यं म्हणून धूप, रं म्हणून दीप आणि वं म्हणून नैवेद्य. तिथे कण्याचा संबंध नाही. भूतशुद्धीच्या, म्हणजे पूजेआधी देह मनाने शुद्ध करण्याच्या विधीच्या, एका प्रचलित पद्धतीत पृथ्वीची जागा पायांपासून गुडघ्यांपर्यंत आहे, तेव्हा लं तिथे. तत्त्व जिथे ठेवाल तिथे त्याचे बीज जाते. षट्चक्रांच्या मांडणीत पृथ्वी मूलाधारात आहे, म्हणून लं मूलाधारात दिसतो, एवढेच.

५. देवगिरीच्या दरबारातून

इथे एक आक्षेप घ्यायला हवा. चक्रांचा भावनांशी संबंध जोडणे ही शुद्ध पाश्चात्त्य कल्पना आहे, असे हल्ली ठामपणे सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही, आणि त्याचा साक्षीदार आपल्याकडचाच आहे.

तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे, काम राज्याच्या हिशेबाच्या दफ्तराचे. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. नाद देहातून उमटतो, म्हणून हा ग्रंथ आधी देहाचे वर्णन करतो, आणि त्यात दहा चक्रे येतात. पाकळ्यापाकळ्यांवर मनोवृत्ती आहेत: स्वाधिष्ठानावर क्रूरता, अवज्ञा, अविश्वास, मणिपुरावर तृष्णा, ईर्ष्या, लज्जा, भय, अनाहतावर आशा, चिंता, दंभ, विवेक. जीव या पाकळ्यांवरून फिरत असतो. अनाहताच्या काही पाकळ्यांवर तो असताना गाणे साधते, काहींवर असताना बिघडते.

तेव्हा मन आणि चक्र यांची सांगड नवी नाही. पण ती आजच्यासारखीही नाही. शार्ङ्गदेवाच्या एकाच अनाहतात आशाही आहे आणि दंभही. "अनाहत म्हणजे प्रेम, मणिपूर म्हणजे आत्मविश्वास" असे एका चक्राला एक खाते त्याने दिलेले नाही.

त्याच यादवांच्या राज्यात, १२९० साली, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी, म्हणजे देहात नागिणीसारखी निजलेली शक्ती, जागी होते. निवृत्तिनाथांकडून आलेला हा नाथपंथी वारसा. स्वाधिष्ठान, मणिपूर ही नावे तिथे ओघात येऊन जातात. पाकळ्या, अक्षरे, योगिनी यांच्या याद्यांत ज्ञानदेव शिरत नाहीत. त्यांचे सारे लक्ष त्या भुकेल्या नागिणीकडे आहे. ती उठते आणि मांस, अस्थी, सातही धातू खात सुटते, आणि मग त्याच देहाला नवी कांती फुटते. आरोग्यवर्धनाची ही कृती नव्हे. खरे तर ते वर्णन वाचून घाबरायला व्हावे.

६. गंगेतले प्रेत

आता अवयवाची कल्पना कुठून आली ते पाहू. एक प्रसंग दयानंद सरस्वतींनी स्वतः आपल्या आत्मकथनात लिहून ठेवला आहे. १८५५ च्या सुमारास ते गंगेकाठी गढमुक्तेश्वराच्या बाजूला फिरत होते. जवळ हठयोगाची पुस्तके होती आणि त्यांतल्या नाड्या-चक्रांच्या वर्णनांबद्दल मनात शंका. नदीतून एक प्रेत वाहत आले. दयानंदांनी ते काठावर ओढले, सुरीने चिरले, काळीज बाहेर काढून तपासले, मान आणि डोके पाहिले आणि पुस्तकातल्या वर्णनाशी ताडून बघितले. काही जुळले नाही. त्यांनी पुस्तके फाडली आणि प्रेताबरोबर नदीत सोडून दिली.

त्या धाडसाला तोड नाही. पण सुपारी फोडून झाली होती. ग्रंथातले वर्णन म्हणजे शरीररचनेचे विधान आहे असे दयानंदांनी मानले, म्हणून ते खोटे ठरले. याआधी कुणाला असे ताडून पाहावेसे वाटले नसेलच असे नाही. एवढे खरे की एकोणिसाव्या शतकात, वैद्यक महाविद्यालये आणि मुडदेफरास यांच्या काळात, हा प्रश्न टाळणे अशक्य झाले.

शिकलेल्या हिंदूंपुढे दोन वाटा राहिल्या. एक दयानंदांची. दुसरी, चक्रांना शरीरात जागा मिळवून देण्याची. बामनदास बसू यांनी १८८८ मध्ये 'थिऑसॉफिस्ट' मासिकात तंत्रातले शरीरशास्त्र मांडून चक्रे म्हणजे मज्जातंतूंची जाळी असे सुचवले. विवेकानंदांच्या १८९६ च्या 'राजयोगा'तही हा सूर आहे. मुंबईचे डॉक्टर वसंत रेळे यांनी १९२७ मध्ये कुंडलिनीवर इंग्रजी पुस्तक लिहिले आणि कुंडलिनी म्हणजे व्हेगस हा मेंदूतून निघून पोटापर्यंत जाणारा मज्जातंतू, असे प्रतिपादन केले. चक्रांना अवयव करण्याचे खापर सर्रास पश्चिमेवर फुटते, पण या कामाची सुरुवात आपल्याच डॉक्टर मंडळींनी, आपल्या परंपरेची लाज राखायला केली.

७. अड्यार ते कॅलिफोर्निया

पुढचा प्रवास भराभर सांगता येईल. जॉन वुड्रॉफ हे कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. 'आर्थर अ‍ॅव्हलॉन' या टोपणनावाने त्यांनी १९१९ मध्ये पूर्णानंदांच्या षट्चक्रनिरूपणाचे इंग्रजी भाषांतर 'द सर्पंट पॉवर' या नावाने छापले. अनेकांतली एक व्यवस्था जगासमोर गेली आणि तीच एकमेव समजली गेली.

मद्रासजवळच्या अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीचे केंद्र होते. त्या सोसायटीतले चार्ल्स लेडबीटर यांनी १९२७ मध्ये 'द चक्राज' लिहिले. त्यांचा दावा ग्रंथांचा नव्हता. आपण दिव्यदृष्टीने पाहिले ते सांगतो, असे ते म्हणत. स्वाधिष्ठान त्यांनी यादीतून काढले आणि त्याजागी प्लीहेचे चक्र बसवले, कारण जननेंद्रियाजवळचे केंद्र जागे करणे त्यांना धोक्याचे वाटे. त्यांच्या आधीच्या लिखाणातली वर्णने भारतीय ग्रंथांशी जुळत नाहीत, हे वुड्रॉफ यांनी नोंदवून ठेवले होते. त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही.

१९३० मध्ये अ‍ॅलिस बेली यांनी चक्रांना अंतःस्रावी ग्रंथी जोडल्या. १९३२ च्या शरद ऋतूत झुरिकला कार्ल युंग यांनी कुंडलिनीवर व्याख्याने दिली आणि चक्रे म्हणजे जाणिवेच्या पायऱ्या असा अर्थ लावला. मग कॅलिफोर्निया. एसालेन ही संस्था १९६२ ची. मानसोपचार, मालिश आणि पूर्वेकडचे ध्यान तिथे एका छपराखाली आले. केन डिक्टवाल्ड यांचे 'बॉडीमाइंड' आणि क्रिस्टोफर हिल्स यांचे 'न्यूक्लिअर इव्होल्यूशन' ही दोन्ही पुस्तके १९७७ च्या आसपासची. तोवर सात चक्रे, सात इंद्रधनुषी रंग आणि सात मानसिक विषय ही मांडणी तयार झाली होती. अनोडिया ज्युडिथ यांच्या १९८७ च्या 'व्हील्स ऑफ लाइफ'ने ती घरोघर नेली. भिंतीवरचा तक्ता अनेक मराठी वाचकांपेक्षा वयाने लहान आहे.

८. बंद चक्राचे काय?

दबक्या आवाजात विचारलेला प्रश्न अजून उरला आहे. अनाहत बंद असेल तर?

पूर्णानंदांच्या परंपरेत याचे उत्तर सोपे आहे. कुंडलिनी जागी झालेली नाही तोवर सगळ्यांचीच कमळे मिटलेली आणि अधोमुख आहेत. कुणा एकाचे अनाहत दुःखामुळे किंवा प्रेमभंगामुळे बंद पडले, असे निदान तिथे नाही. अनाहताच्या ध्यानाचे फळ काय सांगितले आहे? वाणी ओघवती होते, इंद्रिये ताब्यात येतात, दुसऱ्याच्या देहात प्रवेश करता येतो. मन हलके होईल, नाती सुधारतील असे आश्वासन कुठेही नाही.

दुसरा फरक याहून खोल आहे. आज चक्रांचे 'संतुलन' करतात. सातही नीट चालू राहावीत, म्हणजे संसार नीट चालावा. षट्चक्रभेदात उलटे घडते. कुंडलिनी एकेक कमळ भेदत वर जाते तशी पृथ्वी पाण्यात विरते, पाणी अग्नीत, अग्नी वायूत, वायू आकाशात, आणि शेवटी अहंकार-मनही. ज्याचे संतुलन राखायचे तेच उरत नाही. भूतशुद्धीतही हेच, रोज, पूजेआधी: देह मनाने विरघळवायचा आणि देवतेच्या योग्य असा नवा रचायचा.

नव्या मांडणीने कुणाला बरे वाटत असेल, तर मला त्यात आक्षेपार्ह काही दिसत नाही. श्वासाकडे आणि छातीतल्या दडपणाकडे अर्धा तास लक्ष देणे वाईट कसे असेल? फक्त तिच्यावर "पाच हजार वर्षांपूर्वीची" अशी चिठ्ठी लावू नये. दुखणे छातीत असेल तर डॉक्टरांकडे जावे, हे वेगळे सांगायला नको.

एका उदाहरणात हे सगळे धागे एकत्र दिसतात. छिंदवाड्याच्या मराठी ख्रिस्ती साळवे घराण्यातल्या निर्मलादेवी श्रीवास्तव यांनी १९७० मध्ये गुजरातेतल्या नारगोळच्या समुद्रकिनाऱ्यावर सहजयोगाला आरंभ केला. त्यांच्या मांडणीत चक्रे मज्जातंतूंच्या जाळ्यांशी जोडलेली आहेत, म्हणजे बसूंची वाट. चक्रांचे दोष ओळखून ते दूर करायचे असतात, म्हणजे विसाव्या शतकाची वाट. मूलाधारात गणपती आहे, अथर्वशीर्षासारखाच. आणि आज्ञाचक्रात त्यांनी येशू ख्रिस्ताला बसवले आहे. पूर्णानंदांना यातली मज्जातंतूंची आणि दोषांची भाषा कळली नसती. आज्ञेत कुणाची स्थापना करायची हे ज्याची त्याची उपासना ठरवते, एवढे मात्र त्यांनाही कळले असते.